ताईने चुकवलेलं माप

"घरात आधी कुणाला?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आणि मी ठणकावून सांगितलं, कुणालाच नाही. माझ्या छातीतली गाठ कॅन्सरची निघून आठवडा झाला होता. शेजारच्या खुर्चीत ताई पर्सची चेन उघडत-मिटत बसली होती.

व्हरांड्यात आल्यावर तिला तोंड फुटलं. आजी यानेच गेली होती, मावशीसुद्धा. आम्हाला सांगितलं होतं, एक तापाने गेली, दुसरी पोटाच्या दुखण्याने. आईने जन्मभर ते झाकलं, स्वतः ऐंशीपर्यंत धडधाकट राहिली आणि गेल्या वर्षी झोपेत गेली. दोन वर्षांपूर्वी ताईने गुपचूप रक्ताची तपासणी करून घेतली. दोष रक्तातूनच आलेला निघाला, तेव्हा गाठ नसतानाच तिने छातीच्या दोन्ही बाजू काढून टाकल्या. मला म्हणाली होती, पित्ताशयाचं ऑपरेशन.

मी शिवणकाम करते. वीस वर्षं ताईचे ब्लाऊज मीच शिवले. दोन वर्षांपासून मात्र ती बाहेर टाकायची. तुझ्यावर कामाचा ताण नको, म्हणायची. मी येडी, माझाच हात बिघडला म्हणून कुढत बसले, गिऱ्हाइकांची मापं दोन-दोनदा घेत राहिले. अंगातला अर्ध्या बोटाचा फरक माझ्या टेपला कळतो, म्हणून ती टेपच टाळत होती.

"आईने शपथ घातली होती," ताई म्हणाली. "तू घाबरट. खचली असतीस."

"आणि आता काय नाचतेय?"

तेव्हा सांगितलं असतं तर माझीही तपासणी झाली असती. ती रडत होती. मला जराही दया आली नाही.

माझ्या दुकानापर्यंत ती मागोमाग आलीच. आरशापुढे हात थोडे वर करून उभी राहिली. म्हणाली, घे माप. मी घेतलं, सवयीने. वहीतला जुना आकडा खोडून नवा लिहिला. मग फोन उचलला. माझी लेक चोवीस वर्षांची, परगावी नोकरीला असते.

ताईने माझं मनगट धरलं. "तिला आत्ता नको गं. घाबरेल पोरगी."

मी हात सोडवून घेतला.

"बोल ना आई," पलीकडून लेक म्हणाली.

"आधी कुठेतरी बस," मी म्हणाले. मी माझ्या आजीपासून सुरुवात केली.