लिंपलेलं गाडगं

जालन्याच्या जिनिंगचा भोंगा झाला की मच्छिंद्राला आधी खोकला यायचा आणि मग जाग. थट्टा नाही ही, मंडळी. सरकी काढायच्या यंत्रात, म्हणजे रेच्यात, कापूस टाकता टाकता त्याची उमर गेली होती आणि उडालेली रुई छातीत जाऊन बसली होती. असा एखादा मच्छिंद्र तुमच्याही ओळखीत असेल. म्हातारपणी काय खायचं, असं त्याला विचारलं तर तो वर बोट दाखवतो.

आमचा मच्छिंद्र मात्र असा बेफिकीर नव्हता. त्याच्या घरात भिंतीतल्या देवळीत एक गाडगं होतं, नोटांनी गच्च भरलेलं. निजामाच्या राज्यात पोटाला चिमटा घेऊन त्यानं ते भरलं. मग रझाकारांची धामधूम सुरू झाली आणि त्यानं शेणामातीनं गाडग्याचं तोंड लिंपून टाकलं. दर लक्ष्मीपूजनाला त्याला हळदकुंकू लागायचं, निरांजन ओवाळलं जायचं, पण तोंड उघडायचं नाही. उघडलं की लक्ष्मी जाते, असं त्याच्या आईनं सांगितलेलं. साऱ्या जिनिंगमध्ये त्याचा केवढा मान! पैसा राखावा तर मच्छिंद्रानं, असं म्हणायचे लोक.

महाराष्ट्र झाला त्या वर्षीची दिवाळी आली, तसा झुंबरबाईनं, त्याच्या बायकोनं, विषय काढलाच.

"अहो, बास झालं आता. माझा भाऊ राजूरला गणपतीच्या देवळापाशी जागा देऊन राह्यला. नारळ-फुलं विकू. चतुर्थीला पाय ठेवायला जागा नसते तिथं! का ह्या रुईतच मरायचं तुम्हाला?"

मच्छिंद्रानं देवळीकडं पाहिलं आणि मिशीत हसला. त्याच दिवशी सगळ्यांसमोर तो रामराव मुकादमाला म्हणाला, "दिवाळीनंतर मी येत न्हाई. माझा हिशोब करून टाका." रेचे चालू होते, तरी माणसं वळून बघायला लागली. घरी जाताना बुवाची छाती अशी फुगलेली की खोकलासुद्धा आला नाही.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी त्यानं गाडग्याला हात जोडले, विळ्यानं माती खरवडली आणि तोंड उघडलं. नोटा कोऱ्या करकरीत! ना वाळवी, ना उंदराचा दात. मच्छिंद्र खुदकन हसला. झुंबरबाई मात्र हसली नाही. तिनं एक नोट समईजवळ धरली.

"अहो, ह्या तर हालीच्या! निजामाच्या नोटा आता कोण घेतंय?"

"बँकेत बदलून देतात की. तूच तर सांगितलं होतं, दवंडी झाल्ती तवा."

"ती दवंडी होऊन वर्षं झाली! किती मागं लागले होते मी. तुम्ही म्हणले, सरकारला आपल्याजवळचा पैसा कळंल, अन् उघडलं की लक्ष्मी जाईल."

दिवाळी सरल्यावर मच्छिंद्र बँकेत गेला. तिथला कारकून भला माणूस होता. त्यानं नोटा उलटसुलट करून पाहिल्या आणि हळूच परत केल्या. "बाबा, मुदत कधीच सरली. आता ह्याचं काही मिळायचं न्हाई."

"पण साहेब, एकबी नोट खोटी न्हाई हो!"

"खऱ्याच आहेत. पण चालत न्हाईत."

झालं! घाम गाळून मिळवलेला पैसा हातात होता आणि त्यात चहासुद्धा येत नव्हता. बिचारा तसाच मुकादमाकडं गेला. रामराव म्हणाला, "तुझ्या रेच्यावर दुसरा माणूस लावला. रोजंदारीवर ये, बोलावलं त्या दिवशी." मच्छिंद्रानं मान हलवली. दुसरं काय करणार होता? राजूरला जायला भांडवल नव्हतं, जिनिंगमध्ये जागा नव्हती आणि छातीत दम नव्हता. कुठूनच वाट नव्हती.

घरी येऊन तो माती कालवायला बसला.

"हे काय करून राह्यले?" झुंबरबाईनं विचारलं.

"तोंड लिंपतो. ठेवतो पुन्हा देवळीत. लोकांत लाज तरी राहील."

झुंबरबाईचा पारा चढला. "लाज राखून पोट भरतंय का? पोटाला चिमटा तुम्हीच घेतला न्हाई, मीबी घेतला! दावणीची गाय रोज बघावी लागते, चारा घालावा लागतो. तुम्ही पैसा कोंडला अन् वर्षानुवर्षं तोंडसुद्धा बघितलं न्हाई. राज्य गेलं, नाणं बदललं, अन् आपण मातीला हळदकुंकू वाहत बसलो!"

तेवढ्यात दारात धर्मराज उभा. शेजारच्या रेच्यावरचा, दोन लेकरांचा बाप. हातात कुंभाराकडून आणलेलं नवं गाडगं.

"काका, बोनस झाला औंदा. बायको म्हणली, काकाच्याच हातानं लिंपून आणा, त्यांचा हात लक्ष्मीचा हाय."

मच्छिंद्राचे हात मातीनं भरलेलेच होते. दोन बोटं फिरवली असती तर त्याची अब्रू शाबूत राहिली असती. झुंबरबाई त्याच्याकडं बघत होती. त्यानं गाडगं घेतलं, माती उचलली आणि तशीच खाली टाकली.

"न्हाई! बिलकुल न्हाई!" तो एकदम ओरडला. "धर्मराज, हे गाडगं घरी ने अन् त्यात पाणी भर! पैसा ह्यात ठेवू नको!"

आणि त्यानं हालीच्या साऱ्या नोटा धर्मराजपुढं ओतल्या. सगळं सांगितलं, दवंडीसकट. सांगता सांगता रडला. पण रडून झाल्यावर, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, त्याला जरा मोकळं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दोघं पोस्टात गेले. धर्मराजनं बोनस ठेवला. मच्छिंद्रानंही हिशोबाचे हातात आलेले थोडे रुपये ठेवले आणि व्याज कसं मिळतं ते दोनदोनदा विचारून घेतलं. तेव्हापासून त्याच्या मुंडाशात हालीची एक नोट असते. जिनिंगमध्ये नवा माणूस आला की तो ती काढून दाखवतो आणि म्हणतो, "हे बघ माझं म्हातारपण." लोक हसतात. पण हसता हसता पुष्कळांनी पोस्टात खाती काढली.

बंधूंनो, भगिनींनो, म्हातारपण सगळ्यांनाच येणार आहे. हातपाय चालतात तोवर थोडं थोडं मागं टाका. पण टाकून विसरू नका! जिथं त्याची वाढ होईल अशा भरवशाच्या जागी ठेवा, त्याची विचारपूस करा, घरच्या बाईला विश्वासात घ्या आणि काळ बदलला की आपणही बदला. उघडून पाहिल्यानं लक्ष्मी जात नाही. खोटं वाटत असेल तर मच्छिंद्राला विचारा. मात्र भोंगा व्हायच्या आत जा. बोलावणं असलं की तो अजूनही रेच्यावर उभा असतो, आणि तिथं खोकल्यात त्याचं बोलणं कुणाला ऐकू येत नाही.