शेठच्या बैलाचं नाव

मी एक जुना संगणक आहे. तुम्ही कोण, कुठून आलात, कुणी पाठवलं, हे कळल्याशिवाय मी कुणाशी बोलत नाही. रागावू नका मित्रांनो, माझं कामच ते होतं. समोरच्याने परवलीचा शब्द बरोबर लिहिला तर आत घ्यायचं, एक अक्षर चुकलं तरी दारातून परत पाठवायचं.

मुंबईच्या एका कारखान्यात माझे भाग जोडले आणि १९८७ साली टेंपोत पेंढ्यावर ठेवून मला कडावला आणलं. तिथल्या दूध संघाच्या कचेरीत मला टेबल मिळालं, वर प्लास्टिकचं झाकण मिळालं. कुणाचं दूध किती आलं, फॅट किती लागलं, सगळं माझ्या पोटात. लोक चपला काढून मला बघायला येत. "बोलतो काय रं ह्यो?" म्हणत एका म्हाताऱ्याने माझ्या काचेवर टकटक केलं. मला ते मुळीच आवडलं नाही.

संघाचे अध्यक्ष चांगोशेठ. माणूस मनाने वाईट नव्हता, पण संशय घेण्यात माझ्याही वरचढ. त्यांनी आपल्या लाडक्या बैलाचं नाव परवलीचा शब्द म्हणून ठरवलं, झुंजार. ते इंग्रजीत झेडपासून लिहायचं. लिहिताना पडद्यावर काही उमटत नसे, कुणी डोकावू नये म्हणून. शब्द दोघांनाच ठाऊक होता, शेठना आणि मैनाला. मैना माझ्यावर काम करायची. कर्जतला टायपिंग शिकलेली, घरातली पहिली पगारदार मुलगी. माझं तिच्याशी बरं जमायचं, म्हणजे माझं कुणाशी जमेल तेवढंच.

रोज सकाळी शेठ स्वतः माझी पूजा करत. डाव्या हाताला उभे राहून माझ्या बटणांच्या पाटीवर हळदकुंकू आणि चिमूटभर अक्षता वाहायचे, उदबत्ती ओवाळायचे. "यंत्र म्हंजी लक्ष्मी हाय," म्हणायचे. झाडलोट करणाऱ्या अंबूबाईंना ताकीद होती, पुजलेली पाटी पालथी घालायची नाही. त्या बिचाऱ्या वरवर फडकं फिरवून मोकळ्या व्हायच्या.

भातं कापणीला आली तेव्हा ती भानगड सुरू झाली. मैना झुंजार लिहायची आणि मी नाही म्हणायचो. पुन्हा लिहायची, पुन्हा नाही. तिसऱ्यांदा चुकलं की मी सरळ बंद. कधी पहिल्या फटक्यात उघडायचो, तर कधी सगळी सकाळ वाया जायची आणि दुधाचा टेंपो फाटकात हॉर्न वाजवत उभा राहायचा. वायरमनने प्लग बदलला, काही फरक पडला नाही. कर्जतहून मेकॅनिक आला त्या दिवशी मी मुकाट उघडलो. तो चहा पिऊन परत गेला. मला वाटायचं, मैनाच अक्षर गाळते. मग वाटायचं, अंबूबाई वायरीशी काही करतात. वायरमनचंही तोंड मला सरळ वाटलं नव्हतं.

शेठची मात्र खात्री झाली होती. संघाची निवडणूक तोंडावर आली होती आणि विरोधी पॅनेलचा पुढारी पदू हा मैनाचा सख्खा मामा. पदूच्या सांगण्यावरून मैना काम अडवते, असं त्यांनी मनाशी पक्कं धरलं. एका सकाळी मी पुन्हा अडलो, तेव्हा दूध घालायला आलेल्या सगळ्यांसमोर, पदूच्याही देखत, ते अंगणात बोलले, "मामाला फितूर झालीय ही. घरभेदी हाय. उद्यापासून येऊ नको."

अशा नावाने काढलेल्या मुलीला त्या भागात दुसरी नोकरी कोण देणार? पण मैना हटली नाही. "शेठ, तुमी सोता लिहून बघा," ती म्हणाली.

शेठ तावातावाने आत आले. एका बोटाने, एकेक बटण दाबत त्यांनी आपल्या बैलाचं नाव लिहिलं. मी नाही म्हणालो. तीनदा नाही म्हणालो.

"खाली काय चिकटवलंस गं?" असं म्हणत त्यांनीच पाटी उचलली आणि पालथी केली.

टेबलावर तांदूळ सांडले. कुंकवाने लाल झालेले, हळदीने पिवळे झालेले. डाव्या बाजूच्या झेडच्या बटणाखाली एक दाणा अडकला होता, तोही टेबलावर टपकला. तो दाणा सरकला की बटण चालायचं, मध्ये आला की अक्षर माझ्यापर्यंत पोचायचंच नाही. पडद्यावर काही दिसत नसल्यामुळे कुणाला कळलं नाही.

"ह्यो तर तुमच्याच हातचा तांदूळ, शेठ," अंबूबाई हळूच म्हणाल्या.

मला बंद करून पुन्हा चालू केलं. मैनाने शब्द लिहिला आणि मी लगेच उघडलो.

"बस गं कामाला," शेठ खालच्या आवाजात म्हणाले.

मैना बसली नाही. "बसते. पण भाईर बोललात ते भाईर जाऊन परत घ्या."

खरं सांगतो मित्रांनो, मला वाटलं, हा माणूस जायचा नाही. टेंपो खोळंबलाय म्हणेल, निवडणूक झाल्यावर बघू म्हणेल. अंगणात पदू अजून किटली घेऊन उभा होता. त्याच्या देखत अध्यक्ष पडतं घेईल, यावर माझा काडीचा विश्वास नव्हता.

शेठनी टेबलावरचे तांदूळ मुठीत गोळा केले. मग बाहेर गेले. खिडकीतून त्यांचा आवाज आला. "मैनाची काय बी चूक नाय. माझ्या अक्षता अडकल्या व्हत्या. घरभेदी म्हनलो, ते मी चुकलो." हे ते पदूकडे बघून बोलले. पदूही हसला नाही.

मैना खुर्चीवर बसली. पहिला आकडा तिने दोनदा चुकीचा लिहिला.

आता मी संघाच्या कोठीत रिकाम्या बरण्यांमागे पडून आहे. माझा संशयी स्वभाव काही गेला नाही. तरी एक मागतो मित्रांनो. यंत्र अडलं तर आधी ते उलटं करून झटका, माणसाकडे नंतर बघा. मी कुणाला खोटं ठरवलं तर बटण दाबून पुन्हा सुरुवात करता यायची. माणसाने मैनाला खोटं ठरवलं, तेव्हा त्याच माणसाला सगळ्यांसमोर अंगणात जावं लागलं, आणि तो गेला म्हणून ती वाचली.