पडण्याची जागा

साऱ्या जगाचं लक्ष यान कुठवर चढलं याकडे असतं. थोरलीचं काम मात्र ते कुठे पडेल हे बघायचं. तिच्या पुढ्यातल्या पडद्यावर ना ज्वाळा दिसत, ना धूर. समुद्राचा नकाशा, एका अंगाला किनाऱ्यावरची वस्ती, वस्तीच्या अलीकडे लाल रेघ आणि एक हिरवा ठिपका. या घटकेला इंजिनं बंद पडली तर यान जिथे कोसळेल, ती जागा म्हणजे तो ठिपका. ठिपका रेघेला टेकला की बटण दाबायचं आणि यान हवेतच फोडून टाकायचं. निजलेल्या लेकरांवर पडण्यापेक्षा पाण्यात तुकडे पडलेले बरे. इतक्या वर्षांत तिच्यावर ती वेळ आली नव्हती. येऊ नये म्हणून ती रोज देवापुढे हात जोडत असे.

या खेपेला मात्र हात जोडतानाही तिचं चित्त थाऱ्यावर नसे. यानाच्या टोकाशी जे यंत्र बसणार होतं, ढगांतला ओलावा मोजणारं, ते धाकटीच्या हातचं होतं. धाकटी म्हणजे तिची सख्खी बहीण. कुणी लग्नाचा विषय काढला, की माझं लागलंय या डबड्याशी, म्हणून हसण्यावारी नेणारी. उमेदीची सगळी वर्षं तिने त्या डबड्यात घातली होती, आणि तसं दुसरं यंत्र कुठे नव्हतं.

बटणापुढच्या त्या खुर्चीसाठी तयार झालेली माणसं दोनच. त्यातल्या एकाचा पाय प्लास्टरमध्ये. प्रमुखांनी थोरलीला समोर बसवून विचारलं, जमेल का? ती जमेल म्हणाली, आणि त्या दिवसापासून तिचा घास घशाखाली उतरेना. जिना चढताना ती मध्येच थांबे, पुन्हा खाली उतरून कुलूप ओढून बघे. पाण्याचा नळ बंद केला की नाही हे बघायला अंथरुणातून उठे.

घरात सगळ्यांना वाटे, हिचा हात उठणार नाही. धाकटी तर येताजाता चिडवायची, ताई बसलीये म्हणजे माझं यान थोडं वाकडं गेलं तरी चालेल, घरचाच मामला. थोरली हसत नसे. तिची अडचण नेमकी उलटी होती, आणि ती एकट्या मास्तरांना ठाऊक होती.

मास्तर म्हणजे सराव घेणारे म्हातारे गृहस्थ. ते पडद्यावर खोटी उड्डाणं सोडत. काही सरळ, काही भरकटलेली. गेल्या काही सरावांत थोरलीने दोन चांगली यानं फोडली होती. ठिपका रेघेपासून लांब असतानाच तिचं बोट बटणावर पडलं होतं. दुसऱ्या वेळी मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, आणि पुन्हा डोळ्यांवर न चढवताच म्हणाले, "बहिणीला वाचवलं असं लोक म्हणतील, या भीतीने तुम्ही बहिणीचाच बळी देताय, बाई. भ्यायचं तर रेघेला भ्या."

उड्डाणाच्या आदल्या संध्याकाळी आईने सांगितलं, उद्या मी मौन धरणार. थोरली भांडी पुसत होती. तुझा हात उठायची वेळ येऊ नये एवढंच मागते, असं आई म्हणाली, तशी थोरलीच्या हातातलं फडकं थांबलं.

"तसं नको मागूस, आई. उठायचा तेव्हाच उठू दे, असं माग. आधी नको, नंतर नको."

 आई दिव्याची वात सारखी करायला निघून गेली.

सकाळी थोरली पडद्यासमोरच्या खुर्चीत बसली. मास्तर मागच्या भिंतीला टेकून उभे. यान सुटलं तशी जमीन तळव्यांतून जाणवली, एवढंच. सुरुवातीला यान सरळ उभं चढलं आणि ठिपका जागचा हलला नाही. नुसतं उंच गेलेलं यान परत दारातच पडायचं. पृथ्वीची ओढ अशी फिटत नाही. त्यासाठी अंग कलतं करून आडवं पळावं लागतं, रिकाम्या टाक्या टाकत, हलकं होत, इतक्या वेगाने, की पडता पडता खालची जमीनच गोलाईने बाजूला सरावी. यान कललं. ठिपका समुद्राकडे धावू लागला.

आणि वस्तीच्या अंगाला झुकू लागला.

वरचा वारा जोराचा आहे, असं कुणीतरी कानातल्या यंत्रातून सांगितलं. ठिपका रेघेलगतच्या पिवळ्या पट्ट्यात शिरला. नियमाप्रमाणे थोरलीने बटणावरचं झाकण उघडलं आणि बोट बटणावर टेकवलं. शेजारचा सोबती खुर्चीतून अर्धवट उठला. थोरलीच्या मनात सगळी माणसं एकदम बोलायला लागली: घरचाच मामला, बघा कशी थांबली, बघा कशी दाबत नाही. दाबून मोकळं व्हावं, असं बोटाला इतकं वाटत होतं की मनगट दुखायला लागलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. ती फक्त फट बघत राहिली. ठिपका आणि रेघ यांच्यामध्ये काळी फट होती. बोटभर. मग दोऱ्याएवढी. पण होती.

इंजिनाचं तोंड वळलं असावं. फट दोऱ्याएवढीच राहिली, राहिली, आणि रुंदावली. ठिपका मधल्या वाटेवर आला आणि पळत सुटला; समुद्र ओलांडून, पलीकडचा किनारा ओलांडून. शेवटी तो नकाशावरून नाहीसाच झाला. आता यानाला पडायला पृथ्वीवर जागाच उरली नव्हती. लोक उठून टाळ्या वाजवत होते. थोरलीने झाकण लावलं, उघडलं, पुन्हा लावलं.

संध्याकाळी धाकटी घरी आली ती थेट तिच्या गळ्यात पडली. यंत्र जागं झालं होतं, पहिले आकडे आले होते. आणि कानाशी तोंड नेऊन ती म्हणाली, "थांबलीस ना माझ्यासाठी. मला कळलंय सगळं."

झालं. थोरलीच्या जिवाला पुन्हा घोर लागला. ठिपका रेघेला टेकला नव्हता हे तर पडद्यानेच नोंदवलं होतं. पण आपण फटीमुळे थांबलो की या गळामिठीपायी, हे कोणता पडदा सांगणार? आई मौन सुटल्यावरही काही विचारत नव्हती.

सकाळ होताच ती मास्तरांकडे गेली. म्हणाली, सराव घ्या. कोणतं यान कुणाचं, काही सांगू नका.

मास्तरांनी कारण विचारलं नाही. त्यांनी उड्डाणांमागून उड्डाणं लावली. काही तिने फोडली, काही जाऊ दिली. एका उड्डाणात ठिपका उजवीकडून रेघेला इतका भिडला की तिच्या कपाळावर घाम आला. फट दिसत होती म्हणून ती थांबली. सराव संपल्यावर मास्तरांनी तेच उड्डाण पुन्हा लावलं.

"हे कालचंच आहे. डावं-उजवं उलटं केलंय, आरशात धरल्यासारखं." ते घोटभर पाणी प्याले. "झाकण तिथेच उघडलंत, थांबलातही तितकाच वेळ. यात तर कुणाचीच बहीण नव्हती."

थोरलीने झाकण लावलं, आणि ते पुन्हा उघडून बघितलं नाही.

घरी येऊन तिने धाकटीला फोन लावला आणि सगळं नीट सांगितलं. धाकटी आकड्यांत बुडालेली. बरं ताई, म्हणाली. लहान मूल हट्टाला पेटलं की मोठी माणसं म्हणतात, तसं. थोरलीने पुन्हा समजवायला तोंड उघडलं, तोवर फोन बंद झाला होता.

आई दारात उभी राहून ऐकत होती. "तिला काय वाटायचं ते वाटू दे," ती म्हणाली. "तुला कळलं ना?"

थोरलीने मान हलवली. उजव्या हाताचं बोट अजून वाकलेलंच होतं. तिने ते दुसऱ्या हाताने सरळ केलं आणि ताट पुढे ओढलं.