साडेतीन फेरे

मानेभंज्यांगच्या जीप-स्टँडवर मेकॅनिक कालूसिंग तामांगचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. इथल्या म्हाताऱ्या लँड रोव्हर अजून संदकफू शिखराचा चढ चढतात त्या कालूसिंगच्या हातगुणानं, असं ड्रायव्हर लोक म्हणतात. आता हे ड्रायव्हर लोक चहा पाजणाऱ्यालाही देव म्हणतात, मला चांगलं माहीत आहे. पण कालूसिंगच्या बाबतीत ते खरं बोलत होते.

त्याच कालूसिंगनं त्या दिवशी सकाळी साडेआठला स्वतःचंच काम पुन्हा तपासायला घेतलं.

झालं होतं असं. त्याच्या धाकट्या बहिणीचा नवरा नोर्बू, म्हणजे घरचा ज्वाईं, त्याच्या गाडीचं पुढचं डिफरन्शियल, म्हणजे अ‍ॅक्सलच्या मधला दातेरी चक्रांचा डबा, दसैंच्या म्हणजे दसऱ्याच्या आधी फुटलं. नवीन मिळत नाही, म्हणून कालूसिंग सिलिगुडीच्या भंगारवाल्याकडे गेला आणि तिथे कापून ठेवलेल्या एका गाडीचे पुढचे-मागचे दोन्ही अ‍ॅक्सल उचलून आणले, डिफरन्शियलसकट. पुढचा नोर्बूच्या गाडीला काल संध्याकाळी बसवला. मागचा ठेवला फळीवर, कुणाला तरी लागेलच म्हणून. आणि आज सकाळी सातला नोर्बू कोलकात्याची चार माणसं घेऊन वर निघून गेला.

भंगारातला अ‍ॅक्सल बसवला की कालूसिंगचा एक नेम होता. एक चाक जॅकवर उचलायचं, टायरवर खडूची रेघ मारायची, चाक हातानं दोन फेरे फिरवायचं आणि इंजिनाकडून येणारा लांब शाफ्ट किती फिरतो ते मोजायचं. पावणेपाच आले तर आपलं. बाहेरून सगळी डिफरन्शियल सारखीच दिसतात, आतले दात मात्र गाडीगणिक वेगळे असतात. पंधरा वर्षांत त्यानं हे मोजणं कधी चुकवलं नव्हतं.

काल चुकवलं. शेवटचा बोल्ट आवळून तो हात पुसतोय, खडू कानावर, तेवढ्यात सुनमाया, त्याची ती धाकटी बहीण, धुपाची वाटी घेऊन आली आणि तिनं बंपरला खादा, शुभाचा रेशमी पट्टा, बांधून टाकला. पांढरा, नवा, मठातून आणलेला. खादा बांधलेली गाडी त्या दिवशी पुन्हा जॅकवर चढवत नाहीत. चढवली की ती पुन्हा मोडते, असं आमच्याकडे लहान पोरही सांगेल.

"झालं ना सगळं, दाजू?" सुनमायानं विचारलं होतं.

काय सांगणार तिला? महिनाभर गाडी बंद, महिनाभर नवरा घरात बसून चुरपी, ते वाळकं चीज, चघळतोय आणि बायकोच्या स्वयंपाकाला नावं ठेवतोय. तिचं तोंड इतकं उजळलं होतं की कालूसिंगनं खडू खिशात टाकला. "झालं," म्हणाला.

आता सकाळी फळीवरचा तो दुसरा अ‍ॅक्सल त्याच्याकडे बघत होता. सुनमाया सेल रोटी घेऊन आली होती आणि बाकावर बसून वहिनीच्या चुगल्या करत होती. हूं हूं करत कालूसिंगनं अ‍ॅक्सल खाली घेतला, डिफरन्शियल मोकळं केलं, मोठ्या चक्राच्या एका दातावर खडू लावला आणि ते एक फेरा फिरवत शाफ्टकडच्या लहान चक्राचे फेरे मोजले. एक. दोन. तीन. साडेतीन, आणि खडू पुन्हा समोर.

त्यानं परत फिरवलं. साडेतीन.

शितावरून भाताची परीक्षा. दोन्ही अ‍ॅक्सल एकाच गाडीचे, म्हणजे नोर्बूच्या पुढच्यातही साडेतीनच. आणि मागे त्याचं स्वतःचं जुनं पावणेपाचाचं. स्टँडपासून निघताना काही कळायचं नाही, कारण तेव्हा मागचीच चाकं ओढतात. पण चढ आला की नोर्बू लिव्हर ओढून पुढची चाकंही लावणार, आणि मग पुढची एक वेग म्हणतील, मागची दुसरा. चिखल असता तर चाकं घसरून भांडण मिटलं असतं. पण आठवडाभर पावसाचा थेंब नाही, आणि चढावर कोरडं सिमेंट. तिथे काहीतरी तुटणारच. या गाडीचा हँडब्रेक चाकाला नसतो, शाफ्टला असतो. मागचा शाफ्ट तुटला तर गिअरही गेला आणि हँडब्रेकही गेला. मग राहतो पायातला जुना ब्रेक, आणि मागे दरी.

फोन लावला. लागला नाही. वर कधी लागतो?

"कुठे निघालास?" सुनमायानं विचारलं.

"ज्वाईंचा पाना राहिलाय माझ्याकडे. देऊन येतो."

"पाना द्यायला सगळी पिशवी कशाला?"

"तू बस. चहा पी."

ती कसली बसते. त्यानं मोटरसायकलला लाथ मारली तेव्हा ती मागे चढलेली होती, पान्यांची पिशवी मांडीवर घेऊन.

चित्रेपर्यंतचा तो तीन किलोमीटरचा चढ कालूसिंग आयुष्यात हजारदा चढला असेल. आज प्रत्येक वळणावर त्याचा जीव टांगणीला लागत होता. वळण आलं की आधी खाली बघायचा, मग रस्त्याकडे. खाली काही पांढरं दिसलं की ब्रेक दाबायचा, आणि निघायची ती कुठल्या तरी मठाची पताका.

चित्रेच्या चहावाल्या दिदीनं हात केला. "नोर्बू? थांबला होता ना. गाडी रडत होती त्याची, टायर चर्र चर्र वाजत होते. मग गाडीखाली शिरला आणि एक लांब दांडा काढून आत टाकला. पाहुण्यांना म्हणाला, जास्तीचा आहे."

कालूसिंगला क्षणभर बरं वाटलं, आणि लगेच जास्तच वाईट. नोर्बूला कळलं होतं. त्यानं पुढचा शाफ्टच काढून टाकला, आणि परत यायचं सोडून नुसत्या मागच्या चाकांवर पुढे गेला. भरल्या गाडीनिशी. मेघमाच्या पुढचा चढ नुसत्या मागच्या चाकांवर कुणी चढत नाही.

"जास्तीचा दांडा?" सुनमाया म्हणाली. "दाजू, काय झालंय?"

मग त्यानं गाडी चालवता चालवता सगळं सांगितलं, मागे न बघता. खडू, खादा, साडेतीन. त्याच्या जाकिटाला धरलेला तिचा हात सुटला, आणि तिनं सीटची कड धरली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

मेघमा ओलांडल्यावर आधी पाहुणे दिसले. चौघंही पायी, आणि त्यांतली म्हातारी एका दगडावर बसून धापा टाकत होती. त्यांच्या वर, वळणावर, गाडी तिरकी उभी होती. एक मागचं चाक रस्त्याच्या कडेपासून वीतभर. चाकांखाली दगड, आणि दगडांशी गुडघे टेकून नोर्बू.

सुनमाया मोटरसायकल थांबायच्या आधीच उतरली. तिनं नवऱ्याचे दोन्ही दंड चाचपले, मग त्याच्या पाठीत एक धपाटा घातला.

"घसरली," नोर्बू म्हणाला. गालातली चुरपी त्यानं या गालातून त्या गालात केली. "दहा हात मागे आली. दगड नसता तर आलीच असती तुला भेटायला खाली."

"परत का नाही आलास?" कालूसिंग ओरडला. "चित्रेलाच कळलं होतं ना तुला?"

नोर्बूनं चाकाखालचा दगड आणखी आत दाबला. "सीझनचा पहिला दिवस, दाजू. स्टँडवर वीस गाड्या उभ्या. तुमच्या हातची गाडी तासाभरात परत आली असती, तर सगळ्यांनी बॉनेटखाली मुंडी घातली असती. म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. संध्याकाळी गुपचूप सांगेन."

बहिणीचं मन मोडू नये म्हणून कालूसिंग काल गप्प बसला, आणि त्याचं नाव जाऊ नये म्हणून हा आज गप्प बसला. दोघांच्या मध्ये पाच जीव वीतभर जागेवर लटकले होते. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की गाडीकडे बघवेना.

मागून दोन गाड्या येऊन थांबल्या होत्या. स्टँडवरचेच ड्रायव्हर. काय झालं, काय झालं करत उतरले.

"काही नाही, जरा घसरली," नोर्बू घाईनं म्हणाला.

सुनमाया बंपरपाशी गेली. कालच्या खाद्याची गाठ तिनं दातांनी सोडवली, खादा घडी करून गळ्यात टाकला आणि आतून जॅक काढून कालूसिंगच्या पायाशी आणून ठेवला.

"आधी गाडी ओढून सपाटीवर घ्या," ती ड्रायव्हरांना म्हणाली. मग भावाकडे वळली. "आणि मग चढव जॅकवर. खडू आहे ना खिशात?"

खडू होता.

गाडी सपाटीवर आली. पुढचं चाक उचललं गेलं. कालूसिंगनं टायरवर रेघ मारली, आणि शाफ्ट काढलेल्या जागी डिफरन्शियलच्या तोंडावरही. ड्रायव्हर लोक गुडघ्यांवर हात टेकून वाकले.

"मोठ्यानं मोज, दाजू," सुनमाया म्हणाली. "सगळ्यांना ऐकू येऊ दे."

नोर्बूनं चाकाला हात घातला आणि दोन फेरे सावकाश फिरवायला सुरुवात केली.

"एक," कालूसिंग म्हणाला. "दोन. तीन." शेवटचा आकडा त्यानं सगळ्यांकडे बघत म्हटला.

"साडेतीन. काल मी मोजलं नव्हतं."