पेटीचं झाकण

गाडीच्या बॅटरीचा आकडा चाळीस टक्क्यांच्या खाली आला तसा सिद्धोधनने एसी बंद केला. मागे बसलेल्या कुसुमबाईंनी पदराने मान पुसली आणि पुन्हा मागच्या काचेतून ट्रेलरकडे बघत राहिल्या.

विजेवर चालणारी ही गाडी सिद्धोधनची, मागचा ट्रेलर त्याचा, ट्रेलरवरची शीतपेटीही त्याचीच. पेटीत कुसुमबाईंचे यजमान होते, पंडितमामा. ट्रेलरचं वेल्डिंग मामांनीच केलेलं. सिद्धोधनला या कामाला लावणारेही तेच. सकाळी परभणीच्या दवाखान्यातून निघून चारठाण्याला पोचायचं होतं. नागपूरहून लेक सुकेशनी चारपर्यंत येणार होती. तिला बापाचं तोंड नीट दिसावं, एवढंच कुसुमबाईंचं मागणं होतं. गावात सकाळपासून लाइट नव्हती. म्हणजे सगळी मदार बॅटरीवर.

पेटीची बॅटरी निराळी, ट्रेलरवर बसवलेली. गाडी चालू असली की तारेतून ती भरत राहते. पण गाडीनं ट्रेलर तरी किती ओढायचा आणि पेटीला तरी किती द्यायचं? त्यात वाटेत झरी गावाला त्याच्या हातून चूक झाली. पाहुणे हार घेऊन रस्त्यात उभे होते, शेवटच्या दर्शनाला नाही म्हणायला त्याची जीभ रेटेना. वीस मिनिटं झाकण उघडं राहिलं. वैशाखातलं ऊन आत शिरलं आणि पेटी तेव्हापासून घरघरतच होती.

बोरीला मामांची बहीण बायनाबाई फुलं घेऊन उभी होती. सिद्धोधन खाली उतरला.

"मावशी, झाकण न्हाई उघडायचं. सुकेशनी यायलीय."

"माह्या भावाचं तोंड मी बघू न्हाई?"

तेवढ्यात कुसुमबाई उतरल्या. "मीबी न्हाई बघितलं, बाई," एवढंच म्हणाल्या आणि नणंदेचा हात धरून तिला गाडीत बसवलं. फुलं पेटीच्या झाकणावर ठेवली.

जिंतूरनंतर तो ताशी तीसच्या वेगाने गाडी चालवत राहिला. चारठाण्यात मामांच्या दारात ट्रेलर उभा राहिला तेव्हा गाडीत चार टक्के उरले होते. तीन वाजता तेही संपले. मग पेटी आपल्याच बॅटरीवर. सिद्धोधन पेटीच्या बॅटरीच्या मीटरपाशी उकिडवा बसला. तीस. बावीस. चौदा. लोक चहा देत होते, तो मान हलवत होता. मनात एकच धास्ती, की आपल्या भिडस्तपणापायी लेकीला बाप दिसायचा नाही.

सव्वाचारला जीप आली. सुकेशनी धावत आली, झाकण उघडलं. मामा झोपल्यासारखे दिसत होते, कपाळावरची वेल्डिंगची जुनी खूणसुद्धा जशीच्या तशी. तिने बापाच्या गालाला गाल लावला. कुसुमबाई पुढे झाल्या, बायनाबाईही.

सिद्धोधन अजून मीटरपाशीच होता. आकडा सहावर होता.

"सिद्धोधन," कुसुमबाई म्हणाल्या, "आता तू बघ मामाला."

सकाळपासून त्याने मामांकडे एकदाही पाहिलं नव्हतं. त्याने हात पँटला पुसले, पेटीचं बटण बंद केलं आणि उठून उभा राहिला.