आग्रहाची पोळी

उत्तरेश्वरचं वजन चोपन्न किलोवर अडून बसलं होतं. लातूरहून पुण्याच्या सॉफ्टवेअर कंपनीत येऊन आठ महिने झाले, कोथरूडच्या व्यायामशाळेत रोज घाम गाळून झाला, पण दंड काही भरेनात. ‘कीबोर्ड उचलतोस की आम्ही येऊ मदतीला?’ असं कंपनीत लोक विचारायचे. संक्रांतीला कंपन्यांची शरीरसौष्ठव स्पर्धा होती. तिथे उभं राहून त्याला या सगळ्यांची तोंडं बंद करायची होती.

व्यायामशाळेचा मालक रणजित मूळचा कोथरूडच्या शेतकऱ्याचा मुलगा, बोलायला रोखठोक. “अठ्ठावन्न भरलास तरच नाव देईन. खातोस काय?”

“दोन्ही वेळा विमलाकाकूंच्या मेसमध्ये. तीन पोळ्या.”

“तीन? आरं, तुला तीन हजार कॅलरी पायजेत! आन तिथं तर पोटभर ताट हाय.”

“काकू विचारतात, पण एकदाच. मी नको म्हणतो.”

“भूक असताना?”

उत्तरेश्वरनं मान डोलावली. त्याच्या घरची रीत अशी, की पाहुण्यानं आधी नको म्हणायचं, ताटावर हात आडवा धरायचा आणि वाढणारीनं बोटांच्या फटीतून पोळी सरकवायची. पहिल्याच हाकेला हो म्हणणारा तो अधाशी. इकडे विमलाबाई ‘नको’ ऐकलं की सरळ पुढच्या ताटाकडे वळायच्या. पुण्यात नको म्हणजे नकोच, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आठ महिने बिचारा आग्रहाची वाट बघत अर्धपोटी उठत होता. “आरं, इथं नको म्हंजे नकोच. आज सरळ हो म्हण,” रणजितनं बजावलं.

त्या संध्याकाळी कर्वेनगरच्या मेसमध्ये विमलाबाई पोळ्यांचा डबा घेऊन आल्या. “पोळी?”

उत्तरेश्वरचे कान तापले. “हो. दोन द्या. आणि नंतर भातही.”

विमलाबाई थबकल्या. “उजाडलं म्हणायचं! मला वाटायचं, आमचं जेवण तुमच्या घशाखाली उतरत नाही. तुमच्यासाठी आमटीत गूळसुद्धा कमी घालून पाहिला.”

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं घरची रीत सांगितली, तशा त्या फणकारल्या, “अहो, चाळीस जणं जेवतात इथे. प्रत्येकाला आग्रह करत बसले तर उद्याचा स्वयंपाक कधी करू? भूक असेल तर तोंडानं मागायचं.”

मग तो मागायला शिकला. सहा पोळ्या, दोनदा भात, वर मंडईतून आणलेले शेंगदाणे आणि केळी. काटा हळूहळू हलला. संक्रांतीच्या आठवडाभर आधी अठ्ठावन्नच्या किंचित पुढे गेला आणि रणजितनं शब्द पाळून नाव लिहून टाकलं.

ही बातमी द्यायला तो धावतच मेसमध्ये गेला. विमलाबाई “बरं झालं” एवढंच म्हणाल्या. तो अगदी तुडुंब जेवला. शेवटी त्या डबा घेऊन आल्या. “पोळी?”

“नको काकू. आता खरंच नको.” त्यानं ताटावर हात धरला.

पुढच्या ताटावरून कुणीतरी हाक मारत होतं. पण विमलाबाई हलल्या नाहीत. वाकून त्यांनी त्याच्या बोटांच्या फटीतून पोळी सरकवली.

“खा,” त्या म्हणाल्या. “तुझ्याकडे असंच वाढतात ना?”

इतक्या महिन्यांत त्या पहिल्यांदाच त्याला अरेतुरे करत होत्या. उत्तरेश्वरनं ताटावरचा हात काढला. पोटात कणभर जागा नव्हती, तरी त्यानं मान खाली घालून ती अख्खी पोळी खाल्ली.