टिडाची जागा

बायको, टिडा, वारल्यापासून यांकुबा कुयातेचा हात अडखळायला लागला होता. कोरा, त्याचं तारांचं वाद्य, पुढ्यात धरून बसला की दोन्ही अंगठे नि तर्जन्या सवयीनं तारांवर चालू लागायच्या, आणि मध्येच घसरायच्या. अंधारात पाय टाकावा आणि तिथं पायरीच नसावी, तसं व्हायचं. ब्रिकामा गावातल्या लोकांच्या ते कानावर गेलं होतं. बारशाचं, लग्नाचं बोलावणं आता त्याच्या चुलतभावाकडे जायचं. तोंडावर मात्र कुणी काही बोललं नाही. पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या घराण्याची नावं गाणाऱ्या जालीला तू चुकतोस म्हणून कोण सांगणार?

त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं. शनिवारी बाकाऊचा कार्यक्रम करायचा, कारण टिडानं जिवंतपणी त्याला होकार दिला होता. रविवारी कोरा चुलतभावाच्या स्वाधीन करायचा. मुलीला, सार्जोला, त्यानं तसं सांगितलं. त्या दिवशी तिच्या हातून भात करपला.

कार्यक्रम होता डेट्रॉइटच्या लोरेटा टिस्डेलबरोबर. बाई पन्नाशी ओलांडलेली, जन्मभर जॅझमध्ये ड्रम वाजवत आलेली. मागच्या वर्षी एका लग्नात तिनं या नवराबायकोला ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दारात येऊन उभी राहिली. मला तुमच्याबरोबर वाजवायचंय, म्हणाली. यांकुबा विचार करत बसला. टिडानं करायचा तो विचार केला आणि सांगितलं, "ये की. पाऊस संपला की ये."

पाऊस संपला तशी ती आली. भाड्याचे ड्रम पिकअपमधून उतरवले, अंगणातल्या आंब्याखाली मांडले, आणि टिडाचं रिकामं स्टूल होतं तिथंच राहू दिलं.

"मावशीला आडनाव द्यायला हवं," सार्जो चहा उंचावरून ओतत म्हणाली. आलेल्या पाहुण्याला इथलं आडनाव न देता कसं ठेवायचं?

"आपलंच दे. कुयाते."

"नको. आईचं देते. सूसो."

"म्हणजे माझी मेहुणी झाली ही."

"म्हणूनच. घरात तुमच्याशी भांडायला कुणी उरलं नाही, बाबा."

लोरेटानं विचारलं, "मेहुणीला काय काय करावं लागतं?"

"दाजींचा रोज अपमान करायचा. ते तुमचा करतील. राग कुणी धरायचा नाही."

"जमेल," लोरेटा म्हणाली.

पहिल्या दिवशी काहीच जमलं नाही. तिनं काठ्या उचलल्या आणि कोऱ्याच्या एकवीस तारा कुठं बुडाल्या कुणाला कळलं नाही. यांकुबानं वाद्य आडवं ठेवलं.

"कोंबड्या भिंतीपलीकडे पळाल्या," तो म्हणाला. "तुझ्या गावात सगळे बहिरे आहेत का?"

"माझ्या गावात मोटारी बनतात, दाजी. हळू बोललेलं ऐकू येत नाही."

दुसऱ्या दिवशी तिनं काठ्या ठेवून ड्रमवर फिरवायचे बारीक तारांचे कुंचले घेतले. झाडल्यासारखा बारीक आवाज यायला लागला. आता कोरा ऐकू येत होता, आणि म्हणून त्याचं घसरणंही. तीच सुरावट, तीच जागा. यांकुबा थांबला.

"हे माझं आहे, तुझा दोष नाही. हात गेलाय माझा. शनिवारचं कसंबसं निभावून नेऊ."

"पुन्हा वाजवा. मी नुसती ऐकते."

ती डोळे मिटून गुडघ्यावर बोट वाजवत बसली. त्यानं वाजवलं. तिनं पुन्हा म्हटलं, त्यानं पुन्हा वाजवलं. मग ती म्हणाली, "दाजी, हात गेलेला माणूस कुठंही चुकतो. तुम्ही एकाच ठिकाणी चुकता. आणि चुकायच्या आधी थांबता. कुणाची तरी वाट बघितल्यासारखे. तिथं कोण यायचं?"

सार्जोनं हातातली चहाची किटली खाली ठेवली.

टिडा गायची तेव्हा तिच्या हातात लोखंडाची नळी असायची, त्यावर ती सळईनं ठोका द्यायची. या सुरावटीत तो ठोका उशिरा पडायचा. नेमका तिथंच, नेहमी. संसारभर त्यावरून भांडण झालं. 'तुझं लोखंड उशिरा पडतं,' तो म्हणायचा. 'लोखंड वेळेवर पडतं, तुम्ही घाई करता,' ती म्हणायची. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं नाही. बोटांनी मात्र केव्हाच ऐकलं होतं. बोटं थांबायला शिकली होती. आता ती थांबायची, कुणी यायचं नाही, आणि मग गेलेला वेळ भरून काढायला धावायची. ते घसरणं होतं.

त्यानं हे सगळं मोडक्या इंग्रजीत सांगितलं. अडलं तिथं सार्जोनं सांगितलं. त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं जरा वाईट वाटलं.

"मग तिथं मी येऊ?" लोरेटानं विचारलं.

"नको. ती जागा तिची आहे."

"बरं. मग रिकामी ठेवू. पण तुम्ही एकटे थांबू नका. मीही थांबते. आणि नंतर धावायचं नाही."

त्यांनी सुरुवात केली. ती जागा आली, कुंचले थांबले, तारा थांबल्या. अंगणात कुणीतरी भांडं घासत होतं तेवढं ऐकू आलं. मग दोघं एकदमच पुढं निघाली. यांकुबाचा हात घसरला नाही. त्यानं पुन्हा तेच वाजवलं. नाही घसरला. सार्जो उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

शुक्रवारी सकाळी त्यानं टिडाची पेटी उघडली. डोक्याच्या फडक्यात गुंडाळलेली नळी काढली, आणि लोरेटाच्या झांजेच्या दांड्याला दोरीनं बांधली.

"कधी वाजवायची?" तिनं विचारलं.

"तुला वाटेल तेव्हा. पण दर वेळी नको."

शनिवारी बाकाऊला लोक दाटीवाटीनं बसले होते. चुलतभाऊ पुढच्याच रांगेत होता. ती जागा आली, रिकामी गेली. पुन्हा आली, पुन्हा रिकामी गेली. लोरेटाचे हात आता ड्रमवर मोकळे झाले होते, कोऱ्याच्या अंगावर न पडता त्याच्या शेजारून चालले होते. यांकुबा वाट बघत नव्हता, आणि त्याच वेळी लोखंड वाजलं. तारा त्याच्यासाठी थांबलेल्याच होत्या.

तो कोऱ्याच्या मानेवरून वाकून म्हणाला, "उशीर झाला."

"तुम्ही घाई केलीत, दाजी."

तो इतका हसला की पुढच्या चार सुरांचा पत्ता लागला नाही. कुणाला कळलंही नाही, लोरेटानं ते सांभाळून नेलं.

रविवारी चुलतभाऊ ठरल्याप्रमाणे कोरा न्यायला आला. सार्जोनं शेंगदाण्याची आमटी आणि भात पोटभर वाढला. जेवून त्यानं हात धुतले आणि इकडंतिकडं पाहिलं.

"कोरा कुठंय?"

"आंब्याखाली," यांकुबा म्हणाला. "मेहुणी मंगळवारी जाणार आहे. तोवर अजून दोन गाणी बसवायचीत. तू ऐकायला बस हवं तर, पण मध्ये बोलू नकोस."